गाळा घ्यावा की गाडीवर फिरावं? घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत उतरणाऱ्यांसाठी

आयटीआय करून गावी परतलेली पोरं हल्ली एकच गोष्ट विचारतात. "भाऊ, तालुक्याला गाळा घेऊ का गाडीवर गावोगाव फिरू?" हातात काम असतं, थोडे पैसे घरून मिळणार असतात, आणि ते पैसे गाळ्याच्या डिपॉझिटला घालायचे की गाडी आणि अवजारांना, एवढंच ठरायचं असतं. मी दोन्ही करून पाहिलंय. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत पावणेचार वर्षं गाळा चालवला. आता सहावं वर्ष, गाडीला मागे पत्र्याची पेटी बांधून रोहणा, खरांगणा, तळेगाव या बाजूंना फिरतो. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण गाळ्याची बाजूही खरी आहे आणि ती आधी नीट ऐकून घ्यावी.

खर्चावरून ठरवायला जाऊ नका. गाळ्याला भाडं आणि व्यावसायिक दराचं लाईट बिल, गाडीला पेट्रोल, टायर आणि सर्व्हिसिंग. वर्षाच्या शेवटी माझ्या वहीत दोन्ही आकडे जवळपास सारखेच आले. कागदपत्रांचाही फार फरक नाही. मोजकीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते, आणि उद्यम नोंदणी घरच्या पत्त्यावरही होते. बँकेत मुद्रा कर्ज मागायला गेलात तर गाळ्याचा फोटो उपयोगी पडतो, हे मात्र मान्य.

गाळ्याची खरी ताकद बाजाराच्या दिवशी दिसते. आसपासच्या गावांतली माणसं भाजीपाला, खत, बी-बियाणं घ्यायला येतात आणि पिशवीत मिक्सर, पोत्यात टेबल फॅन घेऊन उतरतात. एका दिवसात आठवड्याचं काम जमा होतं. होळी झाली की कूलरचा हंगाम लागतो, तो थेट मृगाच्या पावसापर्यंत. त्या दिवसांत दुरुस्तीपेक्षा सुटा माल जास्त खपतो. पंप, कूलरच्या बाजूंना लावायच्या ताट्या, मोटारीचे कंडेन्सर, रेग्युलेटर, कूलरचं पातं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागला की माणूस भाव विचारत नाही, "हाये काय?" एवढंच विचारतो. महालक्ष्म्या आणि दिवाळीच्या आधी मिक्सरची रांग लागते. हा सुट्या मालाचा नफा गाडीवर तितका मिळत नाही, कारण पेटीत मावेल तेवढाच माल नेता येतो.

दुसरं म्हणजे काही कामांना टेबल लागतंच. पंख्याचं वायंडिंग, म्हणजे मोटारीत नवी तार गुंडाळणं, ओट्यावर बसून होत नाही. कूलरच्या स्वस्त मोटारींमध्ये हल्ली ॲल्युमिनियमची तार येते. साधं डाख (सोल्डर) तिला धरत नाही, निवांत बसून जोड करावा लागतो. आणि आता बीएलडीसी, म्हणजे आतल्या सर्किटवर चालणारे कमी विजेचे पंखे आले. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं, तेव्हापासून आमच्याकडच्या खेड्यांतही ते दिसू लागलेत. २८-३० वॅटमध्ये फिरतो म्हणून लोक घेतात, पण बिघडला की कंडेन्सर बदलून भागत नाही, आतलं सर्किट तपासावं लागतं. ज्याचा हात सर्किटवर चांगला बसलाय त्यानं गाळ्याचा विचार जरूर करावा. घरात एखादा भाऊ किंवा बायको दुकानात बसू शकत असेल, तर आणखी जरूर.

हे सगळं माहीत असून मी गाळा सोडला. कारण एकच, आणि ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. लोक वस्तू न्यायला येत नाहीत.

सुरुवातीला मला वाटलं, एखाद-दुसऱ्याचं असं होतं. तिसऱ्या वर्षी, पोळ्याच्या आधी पाऊस लागून राहिला होता, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून एका दुपारी गाळा आवरायला काढला. दहा बाय बाराचा गाळा, त्यात मला उभं राहायला टेबलापुढची दोन फूट जागा उरली होती. बाकी सगळ्या दुरुस्त होऊन पडलेल्या वस्तू. चौदा मिक्सर, सहा पंखे, दोन कूलर आणि एक सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन. एकूण तेवीस. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, त्यावर नाव, गाव, फोन नंबर. माझ्या खिशातून गेलेल्या सुट्या भागांची बेरीज केली तर अकरा हजारांवर गेली. मजुरी वेगळी. गाळ्याचं भाडं मी त्या वस्तू ठेवायला भरत होतो असंच म्हणा.

लोक फसवे आहेत म्हणून हे होत नाही, हे नीट समजून घ्या. बाजारात आलेला माणूस आधी युरिया घेतो, पोराची वही घेतो, औषध घेतो, आणि माझ्या गाळ्यापर्यंत येईस्तोवर खिशात एसटीपुरते पैसे उरतात. "पुढच्या बाजारी नेतो ना भाऊ." पुढच्या बाजारी निंदणाच्या मजुरांचे पैसे द्यायचे असतात. मग सोयाबीन निघाल्यावर, मग कापूस विकल्यावर. तोवर घरात पाटा-वरवंट्यावर भागत असतं, किंवा कुणीतरी हप्त्यावर नवा मिक्सर आणलेला असतो. एकदा नवीन आला की जुन्याला सोडवून नेण्यात कुणाचा जीव राहत नाही. कूलर तर उन्हाळा सरला की कुणाला आठवतही नाही, आणि तो एसटीत घालून नेताही येत नाही.

मी एका वकिलांना विचारलं. त्यांनी सांगितलं, १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७० दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूनं आहे, मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण ठेवून घेण्याचा, विकण्याचा नाही. माझी अडचण तर ठेवण्याचीच होती.

त्या ढिगात तळाशी एक मिक्सर होता. स्टीलच्या भांड्यावर मशीनच्या पेननं कोरलेलं, मामाकडून सप्रेम भेट. ज्या काकाजींनी आणला होता ते ठेवताना म्हणाले होते, "सुनेच्या माहेरचं आंदण हाये हे, बाप्पा. जपून ठेवजो." ते चौदा महिन्यांनी आले, पैसे हातात मोजून घेऊन. मी वरचे मिक्सर बाजूला करत करत तो काढला. खालून उंदरानं वायर कुरतडली होती आणि ओलीनं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, जाम झाली होती. माझ्याच गाळ्यात, माझ्या हाताखालून दुरुस्त होऊन गेलेली वस्तू पुन्हा बिघडली होती. बुश बदलला, वायर नवी घातली, मोटारीला वीज पोचवणारे कार्बन घासले होते तेही नवे घातले. जास्तीचा एक रुपया घेतला नाही. काकाजी काही बोलले नाहीत, भांडं रुमालात गुंडाळून घेऊन गेले. पण मला ते फार लागलं. जपून ठेवतो म्हणून शब्द दिला होता. त्या वर्षीचा करार संपला आणि मी गाळा परत केला.

गाडीवर फिरायला लागलो तेव्हा पहिला फरक हा जाणवला. वस्तू तिच्या घरातून हलतच नाही. ओट्यावर मिक्सर उघडायचा, कपलर (भांडं मोटारीला जोडणारा भाग) किंवा कार्बन बदलायचा, सिरीजच्या बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, लावून बघायचा. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट, मंद पेटून मोटार हलली तर ठीक. मग वहिनी विचारतात, "डाळ फिरवून पाहू काय दादा?" त्या डाळ फिरवतात, आवाज ऐकतात, आणि पैसे तिथेच देतात. नसतील तर उधारी राहते, पण निदान त्यांचा मिक्सर त्यांच्या घरात चालू असतो. माझा अनुभव असा, की चालू वस्तूची उधारी फिटते. बंद पडून माझ्याकडे राहिलेल्या वस्तूची फिटत नाही.

दुसरा फरक कामाचाच आहे, आणि त्याचं मोल मला उशिरा कळलं. गाळ्यात येतं ते नुसतं उपकरण. बिघाड पुष्कळदा घरात असतो. रोहण्याकडच्या एका घरातून वर्षात कूलरची मोटार, पंखा आणि फ्रीजची रिले असं सगळं एकामागून एक माझ्याकडे आलं होतं. मी प्रत्येक वेळी इमानदारीनं दुरुस्त केलं. पुढे गाडीवर त्याच घरी गेलो, संध्याकाळी मीटर लावलं तर २७० च्या वर व्होल्ट. काही वेळानं उतरले, पुन्हा चढले. शेजारच्या घरातही बल्ब उडत होते. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल ढिला होता. लाईनमनला बोलावून जोड आवळून घेतला, आणि त्या घरातलं जळणं थांबलं. गाळ्यात बसून मला हे जन्मात कळलं नसतं.

कूलरचं तर विचारूच नका. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्यात लहान लेकरंही असतात. दोन पिनचा प्लग, लोखंडी बॉडी, खाली सांडलेलं पाणी आणि अर्थिंग नावापुरती. गिऱ्हाईक म्हणतं, "थोडा झटका देऊन राहिला, पण हवा बम देते." मी टेस्टर बॉडीला लावतो, दिवा लागतो. पंपाचा प्लग काढला की दिवा विझतो. पाण्यात बुडालेल्या पंपाची वायर कुठेतरी सोललेली असते. गाळ्यात मी नुसता पंप बदलून दिला असता. घरी गेल्यावर तीन पिनचा प्लग घालता येतो, अर्थिंगचा खड्डा पाहता येतो. मे महिन्यात आपली काळी माती भेगाळून कोरडी ठणठणीत होते, त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाका म्हणून सांगता येतं. जमत असेल त्यांना ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवायला मी अगदी आग्रह करतो. बंद कूलर चालू करून देण्याइतकंच हेही आपलं काम आहे, असं मी मानतो.

गाडीचे त्रास लपवत नाही. पेट्रोल शंभरीच्या वर आहे. पंचवीस किलोमीटर जाऊन पोहोचलो आणि लाईन गेली, असं महिन्यातून दोनदा तरी होतं. नेमका हवा तो भाग पेटीत नसतो आणि दुसरी चक्कर फुकट पडते. पावसाळ्यात शेतातल्या वस्तीवर जाताना पांदणीत चाक रुततं. उन्हाळ्यात पारा ४५ ला असताना डोक्याला दुपट्टा बांधून फिरावं लागतं आणि कंबर लवकर बोलायला लागते. चाळिशी उलटलेल्यानं नव्यानं सुरुवात करताना याचा विचार करावा. फ्रीजच्या गॅसचं काम मी घरोघरी करत नाही. नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए येतो, तो पेट घेणारा गॅस आहे, चूल पेटलेल्या स्वयंपाकघरात त्याच्याशी खेळ नको. आणि "नुसतं पाह्याचे पैसे?" हा प्रश्न तर रोजचा. मी गावात पोहोचायचे पन्नास रुपये आधी फोनवरच सांगतो. काम केलं तर ते मजुरीत धरतो.

थोडी शिस्त लावली की यातले बरेच त्रास कमी होतात. मी दिशा वाटून घेतल्यात, एका दिवशी एकाच बाजूची गावं. फोन आला की वस्तूच्या मागच्या पट्टीचा फोटो आणि चालू केल्यावरच्या आवाजाचा व्हिडिओ मागवतो. निम्म्या वेळा घरूनच कळतं काय न्यायचं. वेळ सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळात घराला कुलूप असतं, सगळे शेतात. त्या दुपारी मी माझ्या घरच्या छपरीत वायंडिंग आणि सर्किटची कामं करतो. छपरीत वस्तू आणायची तर माझे दोन नियम आहेत. सुट्या भागांचे पैसे आधी, आणि वस्तू परत नेऊन देणार मी स्वतः, तारीख सांगून. गेल्या पाच वर्षांत या पद्धतीनं आणलेली एकही वस्तू माझ्याकडे अडकली नाही.

तुमचा हात वायंडिंगवर बसलेला असेल, दुकानात बसायला दुसरं माणूस असेल, गाळा बाजाराच्या वाटेवर मिळत असेल, तर गाळा घ्या, मी अडवणार नाही. फक्त फाल्गुनात घ्या, म्हणजे पहिले चार महिने कूलर तुम्हाला सांभाळून घेतील. वस्तू घेताना सुट्या भागांचे पैसे आधी घ्यायला पहिल्या दिवसापासून लाजू नका. मी लाजलो होतो. एकटेच असाल आणि पहिल्यांदाच धंद्यात पडत असाल, तर मात्र मी म्हणेन, आधी एक उन्हाळा आणि एक दिवाळी गाडीवर काढून पाहा. कोणत्या गावातून किती फोन येतात ते वहीत लिहा. पुढे गाळा घ्यायचाच झाला, तर तो कुठे घ्यायचा हे त्या वहीतून कळेल.

त्या तेवीस वस्तूंपैकी एक काकाजी घेऊन गेले, वीस मी गाळा सोडताना गाडीवर घालून ज्यांच्या त्यांच्या घरी पोहोचवल्या. काहींनी पैसे दिले, काहींनी संत्री दिली, काहींनी नुसता चहा. दोन कूलर राहिले. चिठ्ठीवरचे नंबर लागत नाहीत, त्या नावाची माणसं आता त्या गावात राहत नाहीत. ते माझ्या छपरीत आहेत. होळीला घरचा कूलर काढतो तेव्हा त्यांच्याही मोटारीला तेल घालतो आणि एकदा फिरवून पाहतो.