आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीने २ मेगापिक्सेलचे जुने कॅमेरे काढून ८ मेगापिक्सेलचे १६ बसवले. थोड्याच दिवसांत इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमधून स्कूटर चोरीला गेली. फुटेजमध्ये माणूस दिसतो, स्कूटर ढकलताना दिसतो, चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता राखाडी डाग. जुन्या कॅमेऱ्यात त्याच जागी रात्रपाळीचा वॉचमन ओळखू यायचा. पुरवठादाराचं उत्तर ठरलेलं: ‘साहेब, कोटेशनमध्ये लिहिलंय तेच दिलंय.’ आणि ते खरं आहे, मेख तिथेच आहे.

कोटेशनमध्ये होतं एवढंच: ‘८ एमपी आयपी बुलेट, ३.६ मिमी लेन्स, नाइट व्हिजन ३० मीटर.’ मॉडेल नंबर नाही, सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या चिपचा) आकार नाही, लेन्सचा एफ नंबर (आकडा लहान तितका जास्त उजेड आत) नाही. जुन्या कॅमेऱ्यात १/२.८ इंची सेन्सर होता आणि नव्यातही तोच आकार निघाला. त्या आकारावर २ मेगापिक्सेल बसवले तर एक पिक्सेल साधारण २.९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पडतो, ८ बसवले तर १.४५ मायक्रॉनचा. बाजू निम्मी, म्हणजे क्षेत्रफळ पाव आणि प्रत्येक पिक्सेलला मिळणारा उजेडही पाव. ही तूट कॅमेरा दोन मार्गांनी भरून काढतो. गेन, म्हणजे सिग्नलची ताकद, वाढवतो, त्याने चित्रात दाणे येतात. दाणे पुसायला नॉइज रिडक्शन चालतं आणि दाण्यांबरोबर नाकडोळेही पुसून टाकतं. दुसरं, शटर एका चित्रासाठी १/१२ सेकंद उघडं राहण्याइतकं मंदावतं, त्यामुळे चालणारा माणूस फरफटल्यासारखा दिसतो. डेमो दुपारी बारा वाजता गेटवर दिला होता. त्या उन्हात कुठलाही कॅमेरा छान दिसतो.

सेन्सर विचारलाच तर आणखी एक चलाखी होते: ‘१.८ नको, २.८ घ्या, मोठा आहे.’ हा आकडा भागाकाराखालचा आहे. १/२.८ लहान, १/१.८ मोठा. १/१.८ वर ४ मेगापिक्सेल घेतले की पिक्सेल पुन्हा २.९ मायक्रॉनच्या आसपास येतो. अंधाऱ्या पार्किंगसाठी हेच घ्यावं, लेन्स एफ १.६ किंवा त्याखालची. चेहरा ओळखायला दर मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल लागतात. ४ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे २,५६० पिक्सेल असतात, म्हणजे १० मीटर रुंदी झाकली जाते. त्याहून रुंद आणि उजेडाची जागा असेल तरच ८ चा उपयोग.

‘० लक्स, आयआर चालू असताना’ (लक्स हे उजेडाचं माप, आयआर हा कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड दिवा) या ओळीला काडीची किंमत नाही. कॅमेरा स्वतःच दिवा पाडत असेल तर अंधार शून्य लक्सचा असला काय, नसला काय! उलट स्टिल्टमध्ये पांढरा रंगवलेला पिलर कॅमेऱ्याच्या पुढ्यात असेल, तर आयआर त्यावर आपटून परततो, कॅमेरा एक्स्पोजर, म्हणजे उजेड घेणं, कमी करतो आणि मागचं सगळं काळं होतं. पावसाळ्यात काचेपुढचं कोळ्याचं जाळंही तेच करतं. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) शिक्क्याकडे बोट दाखवलं जाईल. तो हवाच, पण रात्रीच्या चित्राची हमी त्यात नसते.

दुसरी फसवणूक रेकॉर्डरमध्ये. ‘१६ कॅमेरे, ८ टीबी डिस्क, ३० दिवसांचं रेकॉर्डिंग’ हे ऐकायला भारी वाटतं. गणित करा: दर कॅमेऱ्याला दिवसाला साडेसोळा जीबी येतात, म्हणजे बिटरेट (दर सेकंदाला साठणारा डेटा) जेमतेम दीड एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला दीड मेगाबिट. ८ मेगापिक्सेलला एच.२६५ या कॉम्प्रेशनमध्येही ६ ते ८ एमबीपीएस लागतात. ८ ने दिवसाला एका कॅमेऱ्याचेच ८६ जीबी होतात, ती डिस्क सहा दिवसही पुरणार नाही. जुन्या कोएक्स (केबल टीव्हीसारख्या) वायरिंगवर डीव्हीआर प्रकारचा रेकॉर्डर देत असतील तर रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये ‘१०८०एन’ किंवा ‘लाइट’ लिहिलंय का बघा. तिथे १,९२० ऐवजी आडवे ९६० च पिक्सेल साठवले जातात.

ऑर्डर देण्याआधी एकच कॅमेरा, प्रत्यक्ष जागेवर, रात्री अकरानंतर लावून घ्या. पार्किंगचे दिवे रोजच्यासारखे ठेवा. शटर १/५० वर पक्कं करायला सांगा आणि पाच-सहा मीटरवरून एकाला नेहमीच्या चालीने चालवा. चित्र काळं पडलं किंवा चेहरा विरघळला, तर तो सेन्सर त्या जागेचा नाही. टीव्हीवरचं लाइव्ह चित्र धरू नका. रेकॉर्डरमधून क्लिप पेनड्राइव्हवर घ्या आणि कमिटीसमोर थांबवून बघा. नंबरप्लेटसाठी गेटवर वेगळा, अरुंद लेन्सचा कॅमेरा लागतो, शटर १/५०० च्या आसपास. पार्किंगवाल्यालाच ते काम सांगितलं तर प्लेट पांढरी फटक येते.

वर्क ऑर्डरमध्ये मॉडेल नंबर, सेन्सरचा आकार, एफ नंबर, दर कॅमेऱ्याचा बिटरेट आणि रेकॉर्डिंगचे दिवस, सगळं लिहून घ्या. बिलावरचा मॉडेल नंबर कॅमेऱ्यावरच्या स्टिकरशी ताडून बघा. शेवटचा ३० टक्के हप्ता रात्रीच्या क्लिपनंतर. कॅमेरे आधीच बसले असतील तर रिझोल्यूशन २ मेगापिक्सेलवर आणून फारसं हाती लागत नाही, पिक्सेल तेवढेच लहान राहतात. ते लॉबीत आणि दिव्याखालच्या गेटवर हलवा, आणि स्टिल्टमध्ये मोशन सेन्सरच्या ट्यूब काढून रात्रभर जळणाऱ्या लावा.