एअर सस्पेंशनची ती दोन बटणं : अकरा महिने, १४ हजार किलोमीटरनंतर

मार्चमध्ये एका सकाळी वॉचमनकाकांनी बेल वाजवली, म्हणाले साहेब तुमच्या गाडीचं पुढचं डावं चाक बसलंय, पंक्चर दिसतंय. खाली जाऊन बघतो तर टायरमध्ये हवा पूर्ण, पण गाडीच त्या कोपऱ्यात खाली आलेली, टायर आणि वरच्या पत्र्यामध्ये बोटसुद्धा जाईना. स्टार्ट केली, घर्र असा आवाज आला आणि मिनिटभरात गाडी उठून सरळ झाली. त्या रात्री मी मॅन्युअलमधलं सस्पेंशनचं प्रकरण पहिल्यांदा नीट वाचलं आणि कळलं की सहा महिने मी बटणं चक्क उलटी वापरत होतो.

गाडी जर्मन सेडान, सात वर्षांची, सेकंड हँड घेतलेली. वर्कशॉपशी भांडण झालंय म्हणून नाव लिहीत नाही. इंजिन, सीट, म्युझिक यावर लिहिणारे खूप आहेत, मी फक्त गिअरजवळच्या दोन बटणांबद्दल लिहिणारे, कारण गाडी देताना त्याबद्दल मला कोणी एक शब्द सांगितला नाही.

एका बटणावर शॉकअपचं चित्र आहे, त्यावर कम्फर्ट आणि स्पोर्ट. दुसऱ्यावर गाडी आणि वर जाणारा बाण. मी समजत होतो दोन्ही एकाच कामाची, पण तसं नाहीये. एअर सस्पेंशनच्या गाडीत लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी बलून असतो, व्होल्वो बसखाली असतो तसलाच, छोटा. कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो, चाकांजवळचे सेन्सर उंची मोजतात. बाणवालं बटण दाबलं की बलूनमध्ये जास्त हवा, गाडी वर, माझ्या गाडीत साधारण ३० मिलिमीटर. शॉकअपचं बटण वेगळं. शॉकअपमधलं तेल ज्या वाटेनं जातं ती वाट एक व्हॉल्व्ह अरुंद करतो किंवा मोकळी करतो. मोकळी म्हणजे कम्फर्ट, अरुंद म्हणजे स्पोर्ट, म्हणजे गाडी कडक. आणि खरी गोम इथे आहे, स्पोर्ट दाबलं की माझी गाडी कडक तर होतेच पण शिवाय १५ मिलिमीटर खालीही बसते.

आता मी काय करत होतो बघा. खराब रस्ता आला की स्पोर्ट. का, तर गाडी घट्ट वाटते, डुलत नाही, वाटायचं की सस्पेंशन जपलं जातंय. कापूरव्होळहून भोरकडे जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला बुड घासायचं आणि मी गाडीला दोष द्यायचो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमात गोल स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला होता, ताशी २५ च्या वेगासाठी. असा असेल तर ही गाडी आरामात जाते. पण आपल्याकडे गावागावात डांबराचा अरुंद उंचवटा करून ठेवतात, लांब गाडीची पुढची चाकं उतरली की पोट टेकतं, आणि मी तिथे गाडी आणखी खाली करून जात होतो.

आता खराब रस्त्याला कम्फर्ट, स्पीडब्रेकरच्या आधी बाण. एवढं केल्यापासून पाच महिन्यांत दोनदाच घासली. पण बाण आधी दाबायचा, गाडीला वर यायला वेळ लागतो, ब्रेकर समोर आल्यावर दाबून उपयोग नाही. आणि वेग वाढला की तो आपोआप बंद होतो, बटणावरचा लाल दिवा विझतो. आवाज नाही, स्क्रीनवर काही नाही, फक्त तो तांदळाएवढा दिवा, दुपारच्या उन्हात तो दिसतच नाही. एवढ्या महाग गाडीत एक साधी टिंग देता आली नाही, याचा राग मला रोज येतो.

मॅन्युअल वाचल्यावर सुरुवातीला मी मित्रांना सांगत होतो की स्पोर्ट हे आपल्या रस्त्यांवर निरुपयोगी बटण आहे. ते मत बदललंय, आईमुळे. तिचं माहेर महाडचं, दिवाळीत वरंध घाटानं गेलो होतो, तिला गाडी लागते आणि कम्फर्टवर प्रत्येक वळणाला गाडी होडीसारखी झुलते, शिरगावच्या आधीच दोनदा थांबलो. मेमध्ये पुन्हा गेलो तेव्हा घाटात स्पोर्ट लावलं, झुलणं थांबलं, आई महाडपर्यंत गप्पा मारत आली. तेव्हा घाटाचा रस्ता बरा असेल आणि सोबत कोणाला गाडी लागत असेल तर स्पोर्टच लावा. खड्ड्याच्या काठाचा ठक्क दणका मात्र कशानंच जात नाही, तो १९ इंची चाकांच्या पातळ टायरचा दोष आहे, बटण दाबत बसू नका.

कौतुकाची गोष्ट म्हणजे पाच माणसं आणि डिकीत इंद्रायणी तांदळाची दोन पोती टाकूनही मागून गाडी दबली नाही. जुनी गाडी एवढ्या वजनाला मागे बसायची, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जायचे. माझा भाचा म्हणाला हे सगळं नवीन फॅड आहे. त्याला सांगितलं, सिट्रोएन या फ्रेंच कंपनीनं १९५५ च्या डीएस गाडीमध्ये हेच काम तेल आणि गॅसनं केलं होतं, गाडीची उंची बदलायला आत चक्क लिव्हर होता.

आता त्या बसलेल्या कोपऱ्याकडे येतो. अधिकृत वर्कशॉपनं स्कॅनर लावला, चार हजार घेतले आणि सांगितलं पुढचे दोन्ही स्ट्रट, म्हणजे बलून आणि शॉकअपचे अख्खे जोड, बदला, तीन लाख चाळीस हजार. मी विचारलं हवा नक्की कुठून जाते ते दाखवा. दाखवलं नाही. सिस्टीम तसं सुचवतेय म्हणाले. मी तिथून गाडी काढली आणि ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसं साबणाचं पाणी मारलं, स्ट्रटच्या डोक्यावर हवेची नळी जिथे बसते तिथे बुडबुडे आले. ते फिटिंग बदललं, २,६०० रुपये.

वर्कशॉपबद्दल मी तेव्हा फार वाईट बोललो, त्यातलं अर्धं मागे घेतो. जूनमध्ये तोच कोपरा पुन्हा बसला आणि यावेळी बलूनच्या घडीत रबराला बारीक चिरा दिसल्या, तो स्ट्रट बदलावाच लागला, बाहेरून ७८ हजारांत. म्हणजे रबर म्हातारं झालंय हे त्यांचं खरं होतं. पण साबणाचं पाणी न मारता दोन्ही बदला म्हणणं मला आजही पटत नाही.

गाडी रात्री बसत असेल तर थांबू नका एवढं कळकळीनं सांगतो. गळती छोटी असली तरी कॉम्प्रेसर दिवसभर ती भरून काढत पळतो, तापतो आणि शेवटी जळतो, मग खर्च दोन जागी. आणि पंक्चर झालं तर जॅक लावायच्या आधी मॅन्युअलमध्ये दिलेला जॅक मोड लावा, नाहीतर सिस्टीम जॅकवरच उंची सारखी करायला बघते. हायवेवरच्या पंक्चरवाल्याला हे माहीत नसतं, तुम्ही सांगा. नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू देऊ नका.

मी आता रोज सकाळी चारही टायरच्या वर बोटं घालून बघतो. आज तीन बाजूंना तीन-तीन बोटं गेली, पुढे उजवीकडे अडीच. शनिवारी मेकॅनिककडे जाऊन तिथे साबणाचं पाणी मारून घेणारे.