नॅनोफ्लुइडचं सिम्युलेशन: सिंगल-फेज की टू-फेज?

नॅनोफ्लुइड म्हणजे नॅनोमीटर आकाराचे घन कण मिसळलेला द्रव. त्याचा प्रवाह संगणकावर सोडवताना कण द्रवातच धरायचे (सिंगल-फेज) की वेगळे (टू-फेज)? एक उदाहरण घेऊ. अरुंद चॅनल अचानक तिप्पट रुंद झाला की प्रवाह भिंत सोडतो आणि पायरीमागे दोन भोवरे तयार होतात. रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि स्निग्धता, म्हणजे द्रवाचा चिकटपणा, यांचं गुणोत्तर) कमी असेपर्यंत ते सारखे असतात. तो वाढला की एक लांबतो, दुसरा आखडतो. (म्हणून वेळ वाचवायला अर्धाच चॅनल सोडवू नका, ही असममिती दिसणारच नाही.)

सिंगल-फेज पद्धतीत पाणी आणि कण मिळून एकच द्रव मानायचा, फक्त गुणधर्म बदलायचे. पाण्यात आकारमानाने २% ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण) घातलं, तर ब्रिंकमनच्या सूत्राने स्निग्धता सुमारे ५% वाढते, घनता ६%. म्हणजे त्याच वेगाला रेनॉल्ड्स अंक जवळपास जिथल्या तिथे! प्रत्यक्षात मोजलेली स्निग्धता बरेचदा याहून जास्त भरते. ती वापरली की अंक उतरतो आणि भोवरे जास्त वेगापर्यंत सारखे राहतात. उत्तर असं सूत्रावर हेलकावे खातं, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

टू-फेज पद्धत कणांची वाटणी वेगळी सोडवते. बुओन्जिओर्नो यांच्या २००६ च्या मॉडेलमध्ये ब्राउनियन विसरण (कणांचं सैरावैरा हालचालीने पसरणं) आणि थर्मोफोरेसिस (कणांचं गरमाकडून थंडाकडे सरकणं) मोजले जातात. तापलेल्या भिंतीजवळ कण विरळ होतात, हे सिंगल-फेजला कळतच नाही. पण समीकरण एक वाढतं आणि भिंतीजवळची गणनेची जाळी बारीक लागते.

नुसती भोवऱ्याची लांबी हवी असेल तर सिंगल-फेज घ्या, पण स्निग्धता मोजलेली वापरा. भिंतीवरचं उष्णतावहन हवं असेल, तर टू-फेजचा खर्च सोसावा.