हार्वेस्टरवरचा जीपीएस आणि डिझेल सेन्सर: अख्ख्या हंगामाचा अनुभव

आमचं ऊसतोडणीचं मशीन, म्हणजे हार्वेस्टर, वाळवा तालुक्यात, धाकटा भाऊ ते सांभाळतो आणि बँकेचा हप्ता मुंबईतून मी भरतो. म्हणून गाळप सुरू होताना जीपीएस, डिझेल सेन्सर आणि मोबाइल ॲप असा संच बसवून घेतला. हंगामभर परळच्या ऑफिसात डबा खाताना आणि परतीच्या लोकलमध्ये मी तेच बघत होतो.

डिझेलपुरते पैसे वसूल. टाकीतली पातळी एकदम खाली गेली की मेसेज येतो. रात्री लिटर आणि कारखान्याच्या काटा पावतीवरचे (उसाच्या वजनाच्या पावतीवरचे) टन समोरासमोर मांडले की टनामागे किती डिझेल गेलं ते कळतं. लोळलेल्या उसात हा आकडा चांगलाच चढतो.

एकराचा आकडा जपून घ्या. ॲप नुसतं वेग गुणिले रुंदी करतं. ताशी 4 किलोमीटर आणि 5 फुटी सरी धरली तर तासाला दीड एकर होतो, पण त्यात बांधावरची वळणं नाहीत, चोक (मशीनमध्ये अडकलेला ऊस) काढणं नाही. शिवाय बसवणाऱ्याने रुंदी 5 फूट टाकून ठेवली होती आणि आमच्याकडचे बरेच उसाचे फड साडेचार फुटी. तिथे 9 एकर तोडले की ॲपमध्ये 10 दिसतात.

खरी अडचण 'चालू तासां'ची. इंजिन सुरू म्हणजे काम सुरू, असं ॲप धरतं. एका दुपारी मशीन जागेवरून हलेना, तास मात्र वाढत होते. फोन केला तर ऑपरेटर म्हणाला, "दादा, मशीन चालूच हाय, पण ट्रॉली कुठाय?" कारखान्यावर गाड्यांची रांग, त्यामुळे फडात रिकामी ट्रॉली नाही. तेव्हापासून भाऊ वहीत तोडणी, वाट बघणं आणि बिघाड असे तीन वेळ वेगवेगळे लिहितो. ती वही पाहिल्यावर ऑपरेटरला वेग वाढवायला सांगण्यात अर्थच उरला नाही. आम्ही एक ट्रॅक्टर-ट्रॉली वाढवली आणि दिवसाचे टन वाढले.

फडात मागे राहिलेला ऊस तर कुठलाच सेन्सर दाखवत नाही, आणि माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा आकडा. भाऊ तोडणीनंतर 10 मीटर सरी मोजतो, पडलेल्या कांड्या वेचतो, उंच राहिलेले बुडखे छाटतो आणि सगळं काट्यावर टाकतो. 5 फुटी सरीत ही जागा सुमारे 15 चौरस मीटर. तिथे 1 किलो निघाला तर एकरी सुमारे 265 किलो शेतातच राहिला. बुडखा उंच राहिला की उसाचा सगळ्यात गोड भाग वाया जातो. पाचट बाहेर फेकणारा मशीनचा पंखा जास्त फिरवला की पाचटाबरोबर कांड्या उडतात, कमी केला की पाचट ट्रॉलीत जातं आणि कारखाना वजावट करतो. म्हणून पंख्याचा वेग बदलला की भाऊ लगेच पुन्हा वजन घेतो.

मशीनपासून लांब राहणाऱ्याने डिझेलवर लक्ष ठेवायला हा संच जरूर घ्यावा. घेताना एलिव्हेटरला, म्हणजे तोडलेला ऊस ट्रॉलीत टाकणाऱ्या पट्ट्याला, वेगळा सेन्सर जोडता येतो का, एवढं विचारा. एलिव्हेटर फिरतो तेवढेच तोडणीचे तास. पुढच्या हंगामाआधी आम्ही तो बसवणार आहोत, वही मात्र चालूच राहील.