पायडँटिक २ : दहा महिने वापरल्यावर

पायडँटिक म्हणजे बाहेरून आलेला डेटा ठरल्या साच्यात (मॉडेलमध्ये) बसतो का हे तपासणारी पायथनची लायब्ररी. मुंबईत घरपोच किराणा पोचवणाऱ्या ॲपच्या एपीआयवर (ॲप ज्याच्याशी बोलतं तो सर्व्हरचा भाग), फास्टएपीआय या पायथन फ्रेमवर्कच्या जोडीने, दहा महिन्यांचा वापर. त्याआधी आवृत्ती १ होती. जून २०२३मध्ये आलेल्या आवृत्ती २चा गाभा रस्ट या वेगवान भाषेत नव्याने लिहिलाय, त्यामुळे वेगाची चर्चा फार. एका साध्या ऑर्डरला तो वेग जाणवतही नाही, कारण खरा वेळ डेटाबेस खातो.

आवृत्ती बदलताना पहिला दणका ऑप्शनलचा, म्हणजे फील्ड रिकामं चालेल असं सांगणाऱ्या खुणेचा. पूर्वी ऑप्शनल लिहिलं की डिफॉल्ट 'नन' (पायथनमधलं रिकामं, म्हणजेच नल) आपसूक मिळायचं. आता त्याचा अर्थ एवढाच, की नल चालेल. फील्ड मात्र पाठवावंच लागतं. 'मजला' न पाठवणाऱ्या जुन्या ॲपला थेट ४२२, म्हणजे 'डेटा चुकीचा' असा एरर. डिफॉल्ट हाताने लिहा.

मोबाइल नंबर आकडा म्हणून आला तर आवृत्ती १ गुपचूप त्याची स्ट्रिंग (मजकूर) करायची, आवृत्ती २ नाकारते. उलट बाजूने मात्र लाड चालूच: अवतरणातला आकडा पूर्णांकाला चालतो, बूलियनला (हो/नाही फील्डला) 'येस', 'ऑन'सुद्धा. म्हणून कुणी अख्ख्या मॉडेलला स्ट्रिक्ट (प्रकार आपसूक न बदलणारी कडक तपासणी) लावतं आणि फसतं. फास्टएपीआय ॲपकडून आलेला जेसन मजकूर आधी पायथनच्या डिक्शनरीत उलगडते. तिथे तारीख स्ट्रिंगच असते, आणि स्ट्रिक्ट ती स्वीकारत नाही. नग, सवलत अशा नेमक्या फील्डांनाच लावा.

पिनकोडची गंमत वेगळी. पॅटर्नमध्ये (मजकुराचा साचा सांगणाऱ्या रेजेक्समध्ये) सहा वेळा 'बॅकस्लॅश डी', म्हणजे 'एक अंक', लिहिलं की काम झालं असं वाटतं. पण ती खूण युनिकोडमधला, म्हणजे कुठल्याही लिपीतला, दशमान अंक घेते. दादरच्या ग्राहकाने मराठी कीबोर्डवरून ४०००२८ टाइप केलं तर तपासणी पास, आणि पुढे डिलिव्हरी विभागाच्या तक्त्यात तो पिन सापडतच नाही, कारण तिथे इंग्रजी अंक आहेत. ग्राहकाचं काहीच चुकलेलं नाही, त्याला एरर दाखवणं हा उद्धटपणा. 'बिफोर' व्हॅलिडेटरमध्ये (मुख्य तपासणीआधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये) अंक इंग्रजी करून घ्या, मग पॅटर्न लावा: पहिला अंक एक ते नऊ, पुढचे पाच शून्य ते नऊ, तेही चौकटी कंसात स्पष्ट लिहून. नावाच्या मर्यादेतही असंच: 'क्षितिज' डोळ्याला तीन अक्षरं, मॅक्स लेंग्थला (कमाल लांबीच्या तपासणीला) सात, कारण ती युनिकोडची चिन्हं मोजते. इंग्रजी नावांवरून ठरवलेली मर्यादा मराठी नावांना अपुरी पडते.

वेळ यूआरएलच्या क्वेरीत पाठवत असाल तर +०५:३० मधल्या अधिकच्या चिन्हाची सर्व्हरवर मोकळी जागा होते. क्लायंटने ते एन्कोड करायलाच हवं.

अनोळखी की (मॉडेलमध्ये नसलेली फील्डची नावं) वेगळं काही सांगितलं नाही तर दुर्लक्षित होतात. कूपनच्या कीचं स्पेलिंग चुकलं की ऑर्डर लागते, सवलत गायब, फोन मात्र कस्टमर केअरला. मॉडेलच्या 'एक्स्ट्रा' सेटिंगला 'फॉरबिड' (मनाई) लावा, पण आधी जुनी ॲप्स काय काय जादा पाठवतात ते लॉगमध्ये बघा.

सर्वात खटकलेली गोष्ट: ४२२च्या उत्तरात 'इनपुट' या कीखाली चुकलेलं मूल्य जसंच्या तसं परत जातं. पासवर्ड आखूड पडला तर पासवर्डच. तेच उत्तर लॉगमध्येही साठत असेल तर विचारूच नका. रिक्वेस्ट व्हॅलिडेशन एररचा (फास्टएपीआयमध्ये ४२२ देणाऱ्या एररचा) स्वतःचा हँडलर लिहून प्रत्येक नोंदीतून ती की काढून टाका. चारपाच ओळींचं काम आहे, पहिल्याच दिवशी करा.