भटक्या मांजरांसाठी घेतलेला पिंजरा, सहा महिन्यांचा अनुभव

नेरुळला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार वर्षं मांजरांना खायला घालतेय, दोनाच्या अकरा झाल्या तेव्हा कळलं की नुसतं खायला घालून भागत नाही, नसबंदी करावीच लागते. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत व्यायते, आपण विचार करेपर्यंत पुढची पिल्लं आलेली असतात. पण ह्या हाताला लागत नाहीत हो. टॉवेल टाकून धरायला गेले तर मनगटात दात खोलवर रुतले, रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली, म्हणून ऑनलाइन हा पिंजरा मागवला.

लोखंडी जाळीचा, अडीचेक फूट लांब. मागे खाणं ठेवायचं, मधल्या पत्र्यावर पाय पडला की दार खाली येतं. पण आला तेव्हा खटका इतका कडक की आमची चिंगी पत्र्यावर उभी राहून अख्खा बांगडा खाऊन गेली, दार हललंसुद्धा नाही. विक्रेत्याला तीन मेसेज केले, उत्तर नाही. शेवटी नाक्यावरच्या ग्रीलवाल्या दादांनी खटका घासून तेल घालून दिला, जाळीची टोचणारी टोकंपण वळवली, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर मात्र एकदाही दगा दिला नाही.

घेणाऱ्यांसाठी सांगते, पहिले दोन-तीन दिवस दार दोरीने वर बांधून ठेवा आणि आतच खायला द्या म्हणजे भीती जाते, मग पकडायच्या आदल्या रात्री खाणं बंद. वासाला दिवाळे गावच्या मासळी बाजारातला बांगडा बेस्ट. पत्र्यावर पेपर अंथरा. दार पडलं की लगेच जुनी चादर टाका, पहिल्यांदा मांजर जाळीवर जोरजोरात आपटते तेव्हा आपलाच जीव कासावीस होतो, पण अंधार झाला की थोड्या वेळात शांत होते. पिंजरा लावून निघून जायचं नाही, लांब बसून लक्ष ठेवायचंच. आणि आचळं भरलेली दिसली तर आधी पिल्लं कुठे आहेत ते शोधा, आई अडकली तर ती उपाशी मरतील.

नसबंदीच्या वेळी भूल असतानाच डाव्या कानाचं टोक कापतात, म्हणजे नसबंदी झालेली कुठली ते लांबून कळतं आणि परत पकडायची वेळ येत नाही. बरी झाली की जिथून उचलली तिथेच सोडायची.

सोसायटीत कुरकुर झालीच. प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ मध्ये खायला घालायची जागा ठरवून द्यायचं काम सोसायटीवरच टाकलंय, ते सेक्रेटरी काकांना शांतपणे वाचून दाखवलं, आता जनरेटरमागचा कोपरा मिळालाय.

अकरापैकी नऊ झाल्या. खटक्यामुळे पाचपैकी साडेतीन स्टार. सध्या पिंजरा शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडे आहे, सीवूड्स-नेरुळला कुणाला हवा असेल तर सांगा, पैसे नकोत, फक्त परत देताना धुऊन उन्हात वाळवून द्या.