घरच्या सोलरला बॅटरी जोडावी का? अनुदानासकट हिशेब

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान किलोवॅटवर मिळतं, बॅटरीवर नाही. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. पाच किलोवॅट बसवले तरी आकडा तोच. बॅटरीसह हायब्रिड सिस्टिमलाही अनुदान आहे, पण ती महावितरणच्या लाइनला जोडलेली हवी, आणि बॅटरीचा सगळा खर्च आपला. सप्टेंबर 2025 पासून पॅनलवरचा जीएसटी 5 टक्के झाला. सुटी घेतलेली बॅटरी 18 टक्क्यांतच आहे.

म्हणून सरळ हिशेबात ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेलं सोलर, जिंकतं. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, तीन किलोवॅटचे महिन्याला साधारण 360. दुपारी जास्त झालेली वीज नेट मीटरमधून लाइनवर जाते, रात्री वापरली की वजा होते. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात. 31 मार्चला उरतील ते महावितरण आपल्या वापराच्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने घेते. त्यामुळे गरजेपेक्षा मोठी सिस्टिम लावण्यात राम नाही. युनिट शून्य आले तरी स्थिर आकार भरावाच लागतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

ऑन-ग्रिडची अडचण एकच, पण मोठी: लाइट गेली की भर उन्हातही सोलर बंद. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. हा बिघाड नाही.

हायब्रिडची किंमत इथे वसूल होते, तीही लाइट रोज तास न् तास जात असेल तरच. 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे कागदावर पाच युनिट, हाती साधारण चार. दोन पंखे, चार एलईडी, राउटर आणि फ्रिज मिळून सरासरी 250 वॅट धरा, रात्र निघते. गिझर लावला तर दोन तासांत खेळ खल्लास. गिझर आणि पंप बॅकअपच्या डीबीत (वायरिंग वाटणाऱ्या बॉक्समध्ये) घेऊच नका.

हायब्रिड घेताना अनुदान कापलं जाण्याची एक जागा आहे. पॅनल आणि इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी, तीच धरली जाते. 540 वॅटचे सहा पॅनल म्हणजे 3.24 किलोवॅट, पण सोबत आलेला ‘3 केव्हीए’चा इन्व्हर्टर प्रत्यक्षात 2.4 किलोवॅटचा असेल तर 78,000 ऐवजी 67,200 हाती येतात. केव्हीए ऐकून मान डोलवू नका, कोटेशनमध्ये किलोवॅट लिहून घ्या.

घरात जुना इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी असेल, लाइट तासाभरासाठी जात असेल, तर तेच राहू द्या आणि वेगळं ऑन-ग्रिड बसवा. बहुतेक घरांना आम्ही हेच सुचवू. मात्र सोलरची वायर मेन डीबीला, जुन्या इन्व्हर्टरच्या आधी जोडली पाहिजे. चुकून त्याच्या आउटपुटला जोडली तर लाइट गेल्यावर सोलरचा इन्व्हर्टर त्यालाच लाइन समजू शकतो, जास्तीची वीज उलटी जुन्या इन्व्हर्टरमध्ये घुसते आणि त्याचा बोर्ड जळतो.

अजून ठरत नसेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आत्ता घ्या, बॅटरी नंतर. फक्त, बॅटरीशिवाय तो चालतो का आणि त्याला कोणत्या कंपन्यांच्या बॅटऱ्या चालतात, ती यादी लेखी मागा. बॅटरीच्या बीएमएसशी (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या सर्किटशी) त्याचं बोलणं जुळलं नाही, तर चार्जिंग मध्येच तुटतं.

अनुदान आधी मिळत नाही. नेट मीटर लागून, तपासणी होऊन, योजनेच्या पोर्टलवर कमिशनिंग, म्हणजे सिस्टिम सुरू झाल्याचं, नोंदलं की मग ते बँकेत जमा होतं. तोवर पूर्ण रक्कम आपण किंवा कर्जाने भरायची. बिल वडिलांच्या नावावर आणि बँक खातं मुलाचं, इथे पुष्कळ अर्ज अडकतात. आधी बिलावरचं नाव बदलून घ्या. पॅनल डीसीआर, म्हणजे सेलसकट भारतात बनलेलेच हवेत. त्यांच्या सिरियल नंबरचे फोटो पॅनल छतावर चढवण्याआधी काढून ठेवा. स्ट्रक्चरवर बसले की मागचे स्टिकर वाचायला जागा उरत नाही.